अण्णांची टोपी लोणंदला कशी गेली

वाचकांच्या भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी नेमाने वाचते, पण खरं सांगू का — बहुतेक वेळा हसायला. उलट्या पायांची बाई, आपोआप हलणारा झोपाळा... माझा या कशावर कधी विश्वास नव्हता. सांगलीत विश्रामबागला माझं रक्त-लघवी तपासणीचं कलेक्शन सेंटर आहे. अर्धं आयुष्य लोकांच्या दंडाला रबर बांधण्यात गेलं. रिपोर्टात आलं तर आहे, नाही आलं तर नाही — एवढाच माझा देव. त्यामुळे खालचं वाचून कोणी "बाई, पुन्हा टेस्ट करा" म्हणालं तर मला राग येणार नाही. मीही तेच म्हणाले असते.

अनुभव माझ्या वडिलांचा आहे. म्हणजे... माझा नाहीच म्हणायचा. तेच तर दुखणं आहे.

अण्णा सैन्यात गाड्यांचे मेकॅनिक होते. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. मी शाळेत होते तेव्हा आपल्या देशाची एक तुकडी अंटार्क्टिकाला गेली आणि बर्फावर चालणाऱ्या गाड्या सांभाळायला अण्णांना सोबत नेलं. नुसतं जाऊन येणं नव्हे, अख्खा हिवाळा ते तिथे राहिले. दिवस उजाडतच नाही, पापण्या एकमेकींना चिकटतात, उघड्या हाताने पाना धरला तर कातडी पान्याला राहते — असा हिवाळा. निघण्याआधी आईने त्यांना कानांवर येणारी लोकरीची टोपी विणून दिली होती. मरून रंगाची. लोकर कमी पडली म्हणून डाव्या कानाची पट्टी तिने हिरव्या लोकरीत पुरी केली. तिकडच्या एकुलत्या एका फोटोत अण्णांच्या डोक्यावर ती आहे... आजूबाजूला सगळं पांढरं आणि एक कान हिरवा.

परत आल्यावर गावाने काय केलं? "पेंग्विन" नाव ठेवलं. ठेवणारे आमचे बापूकाका, अण्णांचे चुलतभाऊ. तेव्हा सोसायटीच्या राजकारणात होते, आता पार साताऱ्यापर्यंत वजन आहे. पारावर अण्णा दिसले की हे हात अंगाला चिकटवून डुलत चालून दाखवायचे. "काय पेंग्विन, बर्फगोळ्याला बर्फ आणलास का न्हाई?" सगळा पार हसायचा. अण्णाही हसायचे, आणि घरी येऊन ताटावरून उठायचे. एकदा शाळेत सव्वीस जानेवारीला त्यांना बोलायला बोलावलं. कारखान्याच्या संचालकांचं भाषण लांबलं, मग मुलांना खाऊ वाटला, मग झालंच. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खुर्चीवर बसून परत आले.

आम्हाला मात्र ते एक गोष्ट नेहमी सांगायचे. तळावर एकदा असं वादळ आलं की स्वतःचा हात दिसेना. अण्णा गाडी बघायला बाहेर गेले आणि परतीची वाट हरवली. खोली हाकेच्या अंतरावर, पण कुठल्या बाजूला? "डोकं थंड ठेवलं, अंदाज बांधला आणि सापडलो," म्हणायचे. मी ती गोष्ट वर्गात सांगितली, सासरी सांगितली, माझ्या पोरींना सांगितली.

आई आधी गेली. अण्णा पाच-सहा वर्षांपूर्वी गेले, हिवाळ्यात, गावच्या घरीच. मी एकुलती एक. तिरडी बांधत होते तेव्हा मी ती टोपी ट्रंकेतून काढून त्यांच्या डोक्यावर घातली. बापूकाका म्हणाले, "काढ ती. पांढरी टोपी घाल, चारचौघांत कसं दिसतंय!" मी नाही काढली. हनुवटीखालचा बंद तुटलेला होता, म्हणून माझ्या बांगडीतली पिन काढून लावली. साधी पिन नव्हे — निळ्या मण्याची, मुलीने हट्टाने घेतलेली. मग मी बायका थांबतात तिथे न थांबता ओढ्याकाठच्या स्मशानात गेले. अग्नी बापूकाकांच्या मुलाने दिला. मी मुलगी, मला मागे उभं केलं. पण डोळ्यांनी बघितलंय... लोकर आधी आकसली, काळी झाली, मग पेटली. लोकर जळल्याचा वास वेगळा असतो, केसांसारखा. तो माझ्या साडीला कितीतरी दिवस होता.

हे इतकं सविस्तर सांगतेय कारण पुढे याच्याशीच गाठ आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात साताऱ्यात एका संस्थेने म्युझियम काढायचं ठरवलं — जिल्ह्यातल्या धाडसी माणसांचं. आणि त्यात मोठं दालन कोणाचं? अण्णांचं! कारण संस्थेचे अध्यक्ष बापूकाका. पेंग्विनचे आता "आमचे ध्रुववीर बंधू" झाले होते. अण्णा ध्रुवावर कधी गेले नव्हते, तळ किनाऱ्याच्या बाजूला होता, हे मी फोनवर सांगितलं तर म्हणाले, "असू दे गं, लोकांना काय कळतंय." पेपरात आणि व्हॉट्सॲपवर आवाहन आलं की ध्रुववीरांच्या आठवणीच्या वस्तू कोणाकडे असतील तर म्युझियमला द्याव्यात. माझ्याकडे फोटो, एक जाड जाकीट आणि पाने-पक्कडींची पेटी होती. हे सगळं मी दिलं. का दिलं? वाटलं, जिवंतपणी नाही तर नाही, आता तरी खुर्ची पुढे येतेय.

म्युझियमचं काम गायत्री नावाची तरुण मुलगी बघायची. हुशार, सरळ. एक दिवस तिचा फोन आला.

"सुरेखाताई, लोणंदहून एका आजींचा फोन आला होता. त्यांच्याकडे तुमच्या वडिलांची लोकरीची टोपी आहे म्हणतात. मरून रंगाची."

"शक्य नाही," मी म्हटलं. "दुसरी कसली तरी असेल."

"एक कान हिरवा आहे म्हणाल्या."

फोटोत दिसतो तो हिरवा कान, म्हणून मी मनाची समजूत घातली. कोणीतरी फोटो बघून विणली असेल. प्रसिद्धीसाठी लोक काय करत नाहीत! पण राग असा आला की दुसऱ्याच दिवशी सेंटर बंद ठेवून मी गाडीने साताऱ्याला गेले आणि गायत्रीला घेऊन लोणंदला. बाईला जाब विचारायचा, एवढंच डोक्यात.

घर स्टेशनच्या मागे, कांद्याच्या वखारींच्या पलीकडे. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा ओटा. भर दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. शेवंताबाई सत्तरीच्या पुढच्या, वाळलेल्या, ताठ. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"भावजींची लेक व्हय? नाकबिक तसंच हाय. बस बाई."

त्यांचे मालक किसन, त्याच तुकडीत स्वयंपाकी होते. अण्णांच्या बरोबर तोच हिवाळा काढलेले. मी हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं.

"आवं, असं कसं?" त्या म्हणाल्या. "ह्यांच्यामुळं तर भावजी वाचले. वादळात चुकले न्हवं का? कुणाला भाईर जायाची छाती हुईना. आमचं हे कमरंला दोर बांधून, पातेलं बडवत गेलं. हातमोज्यात पळी धरता येईना म्हून एका हाताचा मोजा काढला... पातेल्याच्या आवाजावर भावजी आले. पर ह्यांची बोटं गेली की. चार बोटं. बोटं न्हाईत तर सैपाक काय करणार? नोकरी सुटली, मग दारू लागली, मग गेलंच."

गायत्रीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. कारण म्युझियमच्या भिंतीवर लावायचा मजकूर तिनेच मला आदल्या दिवशी दाखवला होता — 'भीषण हिमवादळात केवळ स्वतःच्या जिद्दीवर...'

"डोकं थंड ठेवलं, अंदाज बांधला..." अण्णा माझ्या पोरींना मांडीवर घेऊन सांगायचे.

"भावजी लय मायाळू," त्या पुढे सांगत होत्या. "हे गेल्यापास्नं दरसाल जत्रंला येत्यात. पोरांची शाळा बगितली, पत्रा घातला. आन ह्या साली आले तर टोपी दिली. म्हणले, वहिनी, साताऱ्याला म्युझियम हुतंय, तितं ही द्या. पर शेजारी किसनाचा फोटो लावला तरच द्या."

गायत्रीने माझा हात धरला होता. मीच विचारलं, "या साली म्हणजे कधी काकी?"

"आत्ता, जत्रंला. म्हैना झाला नसंल."

"काकी, अण्णा जाऊन चार-पाच वर्षं झाली."

त्या घाबरल्या नाहीत. चिडल्या. "असं अभद्र बोलू नगं. हितं बसले हुते, तू बसलीस तितं." मग आपल्याशीच बोलल्यासारखं — "व्हय... पैल्यांदा च्या प्यायचे. आता कैक वर्सं च्या नको म्हणत्यात. पाण्याचा तांब्या नुसता धरून बसत्यात. मला वाटलं वय झालं. एवढ्या उन्हाचं ती टोपी घालून आले, म्हणलं, भावजी उकडत न्हाई का? तर म्हणले, न्हाई वहिनी, गारच हाय."

त्यांनी आतून स्टीलचा डबा आणला.

मी शपथेवर सांगते... टोपी आईची होती. टोपी विणता येते, कोणीही विणेल, पण हनुवटीच्या बंदाला माझी पिन होती. निळ्या मण्याची. ती मी तिरडीवर लावलेली, त्यामुळे कुठल्याच फोटोत नाही. लोकर कुठे साधी करपलीही नव्हती. आणि ती गार होती. सावलीतली वस्तू गार लागते तशी नव्हे. फ्रीजमधून सॅम्पलचा बॉक्स काढल्यावर बोटं आखडतात तशी. गायत्रीने हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. डब्याला बाहेरून घाम सुटला होता. बाहेर पत्रा तडतडत होता उन्हाने.

मी टोपी नाकाशी धरली. अण्णांच्या तेलाचा वास येईल असं वाटलं होतं. कसलाच वास आला नाही.

शेवंताकाकींनी टोपी दिली नाही. "आधी ह्यांचा फोटो," म्हणाल्या. मला ते पटलं. मी मोबाईलवर टोपीचे फोटो काढले, किसनकाकांच्या एका फोटोचाही फोटो घेतला — गणवेशातला, हात पाठीमागे लपवलेले — आणि आम्ही थेट बापूकाकांकडे गेलो.

बापूकाकांनी टोपीचा फोटो बघितला. पिन दिसेल असा मोठा केला. चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला ओळखता येतं, माझा धंदाच तो आहे. चितेपाशी तेही होते. टोपी काढ म्हणणारेही तेच.

"तशा टोप्या ढीग मिळत्यात," शेवटी म्हणाले.

"काका, पिन माझी आहे."

"सुरेखा, हे बघ." त्यांनी मोबाईल परत दिला, उलटा करून. "भुताखेताचं बोलून म्युझियमचं वाटोळं करू नकोस. पालकमंत्री येणार हायेत."

"बरं, टोपीचं राहू दे. किसनकाकांचा फोटो लावा. वादळाची गोष्ट दुरुस्त करा. ते तर खरं आहे ना?"

"कोण म्हणतंय खरं? ती म्हातारी? अगं, हे आपल्या घरच्या माणसाचं दालन हाय. तितं लोणंदचा आचारी आणून बसवू? लोक म्हणतील, ध्रुववीराला पातेलं बडवून घरी आणला!" आणि हसले. तेच हसू... पारावरचं.

"म्हणू देत की. अण्णांनीच सांगितलंय."

"कवा सांगितलं? मेल्यावर?"

गायत्रीने तोंड उघडलं, तर तिला म्हणाले, "मॅडम, तुमची ऑर्डर अजून कायम व्हायची हाय."

गायत्रीने पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. माझ्याशी तिने त्या दुपारबद्दल एकदाच बोलणं काढलं. "ताई, ती गार होती ना? मला नुसता भास नव्हता ना झाला?" मी हो म्हटलं. ती आता पुण्यात आहे. फोन करते, पण हा विषय काढत नाही.

उद्घाटनाला मी गेले. जायला नको होतं. काचेच्या कपाटात अण्णांचं जाकीट, पेटी, आणि मधोमध... मरून टोपी, एक कान हिरवा. जवळ जाऊन बघितलं तर मशीनवर विणलेली, नवी कोरी. फोटोवरून करून घेतलेली. खाली पाटी — 'ध्रुववीरांनी प्रत्यक्ष वापरलेली टोपी. देणगी : अध्यक्ष'. लोक तिच्यासमोर उभे राहून सेल्फी काढत होते. भिंतीवर 'केवळ स्वतःच्या जिद्दीवर' जसंच्या तसं. बापूकाकांनी भाषणात डोळे पुसले. मला व्यासपीठावर बोलावून शाल दिली. आणि मी घेतली हो... चारशे लोकांसमोर काय करणार होते? "ही टोपी खोटी आहे, कारण खरी चितेत जळली आणि खरी लोणंदला आहे" — असं म्हणून बघा तुम्ही माईकवर.

माझं जाकीट आणि पेटी परत मागितली. दिलेली वस्तू परत मिळत नाही, असं उत्तर आलं.

त्या वर्षभरात मी शेवंताकाकींकडे अधूनमधून जात राहिले. सुरुवातीला म्हटलं जाते ते किसनकाकांसाठी, पण ते खोटं आहे. मला अण्णांना विचारायचं होतं. की खोटी गोष्ट का सांगितली? आणि किसनकाकांचं नाव आमच्या घरात एकदाही का काढलं नाही? लाज वाटायची का? गावाने आधीच पेंग्विन केलेलं, त्यात तेही सांगितलं तर उरलंसुरलंही जाईल, म्हणून? मला समजलं असतं. मला चाललं असतं. आणि मुख्य म्हणजे... यायचंच होतं तर माझ्याकडे का नाही? मी विश्रामबागेत त्याच घरात आहे. पत्ता त्यांना पाठ होता. आई गेल्यावर दर दिवाळीला ते माझ्याकडेच यायचे.

या वर्षी जत्रेला मी लोणंदला जाऊन राहिले. सेंटर मदतनीस बाईंवर सोडलं, घरी सांगितलं ओळखीच्यांची जत्रा आहे. काकींच्या ओट्यावर बसून राहायचे. पालखी निघाली, कुस्त्या झाल्या, पाव्हणेरावळे आले, जेवून गेले. पांढऱ्या शर्टातला कोणी म्हातारा वळणावर दिसला की मी उठून उभी राहायचे. काकी म्हणायच्या, "बस गं. येतील तवा येतील." अण्णा आले नाहीत. पाळणे उतरवायला लागले, खेळणीवाले गेले, तेव्हा मीही निघाले. काकींनी वाटेत खायला पुरणपोळ्या बांधून दिल्या.

रेल्वेने सातारा सोडून कोरेगाव गेलं असेल-नसेल, मोबाईल वाजला. काकींच्या शेजारणीचा नंबर.

"ताई," काकींचा आवाज होता, "भावजी येऊन गेले की आत्ता. तू गेलीस आन हिकडं हे आले."

मी मोबाईल कानाशी घट्ट धरला.

"म्हणले, फोटो लागला का किसनाचा? न्हाई म्हणलं. मग म्हणले, टोपी द्या. डबा दिला तर त्यातनं काढून घातली डोक्यावर. मी म्हणलं बसा, तर बसले न्हाईत. गेले वखारीच्या अंगानं."

"काकी," मी विचारलं. डब्यातले लोक बघत होते, मला रडू आवरत नव्हतं. "मी येऊन गेले ते सांगितलंत का?"

"सांगितलं की. म्हणलं, लेक इतके दिवस बसली हुती वाट बघत."

"मग? माझ्याबद्दल काही विचारलं?"

फोनवर पलीकडे कुठेतरी कांद्याचा ट्रक मागे घेत होते.

"न्हाई बाई," काकी म्हणाल्या. "काय बोलले न्हाईत."

टोपीचा डबा आता रिकामा आहे, मी जाऊन बघून आले. माझ्याकडे पुरावा म्हणून मोबाईलमधले फोटो तेवढे आहेत, आणि फोटोंवर हल्ली कोण विश्वास ठेवतं? एका मानसोपचारतज्ज्ञ मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हाताऱ्या एकट्या बाईचं मन असं माणसं तयार करतं. तुझ्या समाधानासाठी त्या बोलत असतील. मग पिन? गारवा? त्यावर ती "हं" म्हणाली. स्पष्टीकरण तिच्याकडे नाही, माझ्याकडे नाही. बापूकाकांकडे असेल तर ते देणार नाहीत.

पण समाधानासाठी बोलल्या, हे मात्र मला कोणी सांगू नका. मला बरं वाटावं म्हणून बोलणारी बाई असती, तर "विचारलं की, सुरेखा कशी हाय म्हणले" एवढं सहज म्हणाली असती. फोनवर मी रडत होते, त्यांना ऐकू येत होतं. तरी त्या नाही म्हणाल्या.